दोन मुलं, दोन घरं, दोन आकडे

फोनवर तू जे वाक्य म्हणालीस, ते मी कोर्टाच्या व्हरांड्यात कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे. "मावशी, दादा त्याच्याकडे राहणार, छोटी माझ्याकडे. एकेक मूल दोघांनी घेतलं, मग आता कोणी कोणाला पैसे द्यायचा प्रश्नच येत नाही ना?" येतो, अगं. आणि घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायच्या आधी तो सोडवला नाहीत, तर दर जूनमध्ये शाळेच्या फीबरोबर पुन्हा दारात उभा राहील.

तुझे वकील चांगले आहेत, मसुदा तेच करतील. त्यात काय यायला हवं, एवढंच मी सांगते. माझी वकिली बरीचशी कौटुंबिक न्यायालयातच गेली, आणि कुठल्या अटी टिकतात, कुठल्या दोन वर्षांत फाटतात, हे पाहायला तिथे पुष्कळ मिळालं. मी तुझी मावशी असले तरी तुझ्या नवऱ्याच्या, म्हणजे नागपूरच्या बाजूचंही बोलणार आहे, तेव्हा रागावू नकोस. दोन्ही मुलं एकाकडे असली की एक देणारा आणि एक घेणारा. तुमच्यात तसं नाही. छोटीसाठी तू घेणारी आहेस आणि दादासाठी देणारी.

आधी कडू ते सांगून टाकते. कोर्टाला भावंडांची ताटातूट आवडत नाही, आणि मलाही नाही. तुम्ही दोघं संमतीने गेलात तरी न्यायाधीश विचारतील की मुलं वेगळी का. मुलगा वंशाचा म्हणून बापाकडे आणि मुलगी आईला सोबत म्हणून आईकडे, असं कारण असतं तर मीच तुझ्याविरुद्ध उभी राहिले असते. तुमचं तसं नाही. तो पंधरा वर्षांचा आहे, आजी-आजोबा नागपूरला, अकरावीचा प्रवेश तिथेच घ्यायचा आहे, आणि हे त्याने स्वतःहून सांगितलं आहे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यात कलम १७ आहे. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, असं त्यात म्हटलंय. न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावतील, कदाचित त्याआधी विवाह समुपदेशक बोलतील. त्याला काय बोलायचं ते शिकवून पाठवू नका. पढवलेलं मूल त्या मंडळींना दोन वाक्यांत कळतं, आणि मग आईबाप दोघांवरचा विश्वास उडतो. अर्जात कारण साध्या शब्दांत लिहा: वय, शिक्षण, त्याची इच्छा. सहा महिन्यांनी त्याला पुण्यात परत यावंसं वाटलं तर दार उघडं आहे, हेही लिहा.

आता पैशांकडे येऊ.

१९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० वाच. मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकलेली आहे. मूल ज्याच्या छताखाली झोपतं त्याच्यावर, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. छोटी तुझ्याकडे आहे म्हणून तिचा बाप मोकळा होत नाही, आणि दादा नागपूरला आहे म्हणून तू मोकळी होत नाहीस. दोन्ही मुलांवर दोघांची जबाबदारी, आणि ती मिळकतीच्या प्रमाणात. सुप्रीम कोर्टाने २००० साली पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या खटल्यात नवरा-बायको दोघंही कमावते होते म्हणून नेमकं हेच केलं. प्रत्येक मुलाला महिन्याला ३,००० रुपये लागतील असं धरलं आणि ते आईबापांवर त्यांच्या पगाराच्या प्रमाणात, २:१ असे वाटले. आकडे जुने झाले, पद्धत नाही.

कोणी तुला सांगेल, "पंचवीस टक्क्यांचा नियम आहे." तसा नियम नाही. २०१७च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य म्हटली होती, त्या खटल्यापुरती. तेव्हापासून तो आकडा कट्ट्याकट्ट्यावर फिरतोय. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात, तोही मूळचा आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातला, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ठोकळेबाज सूत्र कुठलंच नाही. मुलाचं खाणं, कपडे, राहणं, औषधपाणी, शिक्षण, क्लास हे सगळं बघायचं, आणि बायको पुरेसं कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च प्रमाणात वाटता येतो. कॅनडात मात्र तुमच्यासारख्यांसाठी कायद्यातच रस्ता आखून दिलाय. तिथल्या १९९७च्या मार्गदर्शक नियमांतलं कलम ८ म्हणतं की दोघांकडे एकेक मूल असेल, तर प्रत्येकाने दुसऱ्याला किती द्यावं लागलं असतं ते तक्त्यावरून काढा आणि फरक द्या. टोरांटोच्या मराठी जोडप्याला तक्ता समोर असतो. पुण्याच्या जोडप्याला तो स्वतः मांडावा लागतो.

मांडू या. पेन घे.

तुझ्या हातात महिन्याला ४०,००० येतात, त्याच्या हातात ८०,०००. "हातात" म्हणजे इन्कम टॅक्स, प्रोफेशनल टॅक्स आणि सक्तीचा पीएफ कापून. गाडीचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, म्युच्युअल फंडाची एसआयपी हे आपण होऊन घेतलेले खर्च, ते वजा करून आकडा बारीक करायचा नाही. त्यानेही नाही आणि तूही नाहीस. प्रमाण झालं २:१.

छोटीचा खर्च महिन्याला १८,००० धर. दादाचा २४,०००, कारण अकरावी, क्लास, आणि त्या वयात पोरं जेवतात किती ते तुला माहीत आहे. छोटीच्या १८,०००मधले दोन हिस्से त्याचे, म्हणजे १२,०००. दादाच्या २४,०००मधला एक हिस्सा तुझा, म्हणजे ८,०००. तो तुला १२,००० देणं लागतो, तू त्याला ८,०००. वजाबाकी केलीस की तो तुला दरमहा ४,००० देणार.

"एवढेच?" असं मनात येईल. ताळा करून बघ. हिशेब न करता एकेक मूल घेऊन बसला असतात, तर तो ८०,०००मधले २४,००० मुलांवर खर्च करत होता, म्हणजे तीस टक्के. तू ४०,०००मधले १८,०००, म्हणजे पंचेचाळीस टक्के. ४,००० इकडे आल्यावर त्याचे होतात २८,००० आणि तुझे १४,०००. दोघांचेही बरोबर पस्तीस टक्के. एकेक मूल वाटून घेतलं म्हणजे बरोबरी झाली, या समजुतीत कमी कमावणारा नेहमी मार खातो, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा बाईच असते.

पण त्याचीही बाजू बघ. पुढच्या वर्षी दादाच्या क्लासची फी वाढून त्याचा खर्च ३६,०००वर गेला, तर तुझा हिस्सा १२,००० होतो आणि देणं-घेणं शून्यावर येतं. ४५,०००वर गेला तर तू त्याला महिन्याला ३,००० देणं लागतेस. तेव्हा कुरकुरायचं नाही. ज्या त्रैराशिकाने आज घेतलेस, त्यानेच उद्या द्यायचे. हे आत्ताच मनाशी ठरव, कारण बहुतेक करार इथे मोडतात. घेताना प्रमाण आठवतं आणि देताना "पण बाप म्हणून त्याचं काही कर्तव्य?" सुरू होतं.

आता ज्यासाठी मी इतकं लांबण लावलंय, ते ऐक. संमतीच्या अटींमध्ये ४,००० लिहू नका. १२,००० आणि ८,००० असे दोन आकडे, दोन वेगळ्या कलमांत, प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहा. बँकेतून फरकच जाईल, त्याला माझी ना नाही, पण कागदावर दोन्ही रकमा पूर्ण दिसल्या पाहिजेत. नुसता फरक लिहिलेले कागद मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांतल्या कित्येकांवर नंतर तीच भांडणं झाली. समज, दादा तीन वर्षांनी अठराचा झाला. १८ पूर्ण झाल्यावर मुलाचा कायद्याने मागता येणारा निर्वाह सर्वसाधारणपणे थांबतो. तेव्हा तुझे ८,००० गळतात आणि छोटीचे १२,००० पूर्ण तुला यायला हवेत. कागदावर नुसते ४,००० असतील तर समोरचा म्हणणार, "चारच ठरले होते." किंवा दादा कंटाळून पुण्याला आला. आता दोन्ही मुलं तुझ्याकडे, आणि कागद म्हणतो ४,०००. किंवा त्याने पैसे थकवले आणि तू वसुलीला गेलीस. थकलेलं छोटीचं किती, हे कोर्टाला कागदावरून दिसायला हवं. फरकाच्या आकड्यात दोन्ही मुलं मिसळून जातात, आणि तुम्हा दोघांच्या रागात कोणाचं काय होतं ते निवडायला कोणी उरत नाही.

आणि तुझ्या स्वतःच्या पोटगीचा आकडा, घेणार असशील तर, तिसऱ्या कलमात. मुलांच्या रकमेत तो कालवायचा नाही. तू उद्या दुसरं लग्न केलंस तर तुझी पोटगी थांबेल, छोटीचा निर्वाह नाही.

अजून एक. "मला तुझं काही नको, मुलीचं मी बघून घेईन" असं लिहून देऊ नकोस. स्वाभिमान ठीक आहे, पण तो पैसा तुझा नाहीच. मुलाचा निर्वाहाचा हक्क आईने सोडला तरी सुटत नाही, असं कोर्टं सतत सांगत आली आहेत. म्हणजे असं कलम कायद्यात टिकत नाही, पण समोरच्याला पाच वर्षं हात वर करायला पुरतं. एकरकमी देऊन मोकळा होतो म्हणाला, तरी ती रक्कम तुझ्या नावावर नको, मुलीच्या नावाने ठेवीत टाका. आणि ती संपली की पुढचं मागता येणार नाही, असं कुठे लिहू देऊ नकोस.

खर्चाचा आकडा हवेत काढायचा नाही. दोघांनी आपापल्या घरातल्या मुलाची गेल्या वर्षभराची यादी करायची. फी, व्हॅन, वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट (छोटीचे वर्षात दोनदा लागतात), क्लास, चष्मा, दातांचा डॉक्टर, मोबाइलचा रिचार्ज, वाढदिवस, शाळेची सहल. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला बाराने भागायचं. घरभाडं आणि किराणा यांत मुलाचा वाटा धरायचा. बायका नेमकं हेच विसरतात. एका मुलीसाठी खोली जास्तीची घेतलीस तर ते भाडं मुलीच्या यादीत जातं. तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींचा पगारही तिच्याच यादीत, कारण त्याशिवाय तू नोकरी करू शकत नाहीस. त्याच्याकडे आजी आहे म्हणून त्याचा तो खर्च वाचतो. वाचू दे. आजीचे पैसे लावायला जाऊ नका.

मिळकतीचा कागद खरा हवा. रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून निर्वाहाच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. तुमचं संमतीचं प्रकरण आहे, तरी मी सांगते, तो नमुना घ्या आणि दोघांनी भरून एकमेकांना द्या. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे उतारे, तीन वर्षांची विवरणपत्रं. तुझी शिकवणीची वरकमाई आहे ती लपवू नकोस. तूही त्याच्या भावाबरोबरच्या दुकानाबद्दल विचारणार आहेस, हो ना?

फेरहिशेब दरवर्षी जूनमध्ये. शाळा तेव्हा उघडतात आणि फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो, म्हणजे खर्च आणि मिळकत दोन्ही एकाच महिन्यात ताजी कळते. कलम असं लिहा: "३० जूनपर्यंत दोघांनी फॉर्म १६ आणि मुलाच्या खर्चाची यादी एकमेकांना द्यावी, जुलैपासून नवे आकडे. कागद दिले नाहीत तर जुने आकडे दहा टक्क्यांनी वाढतील." शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावते. त्याने आळशी माणूसही कागद देतो.

मधेच कोणाची नोकरी गेली, तर आपल्या मनाने पैसे थांबवायचे नाहीत. कोर्टात बदलाचा अर्ज करायचा. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांबाबतचे आदेश नंतरही बदलू देतं. अर्ज होईपर्यंत जुनाच आकडा चालू. तुझी नोकरी गेली तरी हेच.

पैसे बँकेतून, ठरलेल्या तारखेला. पगार एक तारखेला होतो तर पाच तारीख ठेवा, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून टाका म्हणजे दर महिन्याला आठवण करून द्यावी लागत नाही. रोख नाही. सासूबाईंच्या हाती पाकीट नाही. दादाच्या यूपीआयवर तर मुळीच नाही. मुलांच्या हातून आईबापांचे पैसे फिरायला लागले की मुलं दोन्हीकडचे हिशेब तोंडपाठ करतात आणि मग बूट मागायलाही बिचकतात. शाळेची फी त्याने थेट भरली तर ती महिन्याच्या रकमेतली की त्यावरची, हे कागदावर असू दे. "मी मुलीला सायकल घेतली, म्हणून या महिन्याचे कापले" हे चालणार नाही. सायकल ही बापाची भेट झाली, निर्वाहात ती वळती होत नाही. तूही दादाला जॅकेट पाठवलंस तर ते तसंच.

मोठे आणि अचानक येणारे खर्च, म्हणजे ऑपरेशन, इंजिनिअरिंगची फी, हॉस्टेल, हे महिन्याच्या रकमेत कोंबू नका. वेगळं कलम करा: प्रमाण तेच, २:१, आणि अमुक रकमेवरचा खर्च एकमेकांना विचारून. दवाखान्यात तातडी असेल तर विचारणं नंतर, पावती आधी. दादा बारावीनंतर शिकणार हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे. कायदा अठरावर थांबला तरी तुम्ही करारात पदवीपर्यंत लिहू शकता. लिहा. छोटीचं थोडं निराळं आहे. १९५६च्याच कायद्यात लग्न न झालेल्या मुलीला, स्वतःच्या मिळकतीवर भागत नसेल तर, अठरानंतरही आईबापांकडून निर्वाह मागता येतो. २०२०च्या अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा सांगितलं.

छोटी नऊ वर्षांची आहे ना? सुकन्या समृद्धीचं खातं काढलं नसेल तर तिला दहा पूर्ण व्हायच्या आत काढ. एका मुलीचं एकच खातं होतं, वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, पंधरा वर्षं भरायचे. मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. त्यात त्यानेही भर घालावी. पण ते महिन्याच्या १२,०००मध्ये धरायचं नाही. मुलांच्या नावच्या ठेवींचं व्याज विवाह संपल्यावर कोणाच्या उत्पन्नात धरलं जातं, तर जो त्या मुलाला सांभाळतो त्याच्या. तेव्हा छोटीच्या ठेवीचं तुझ्या विवरणपत्रात. सीएला सांगून ठेव.

आणि त्याचा टर्म इन्शुरन्स असू दे, निदान दादा आणि छोटी शिकून होईपर्यंत. नॉमिनी म्हणून मुलांची नावं, ती अज्ञान आहेत तोवर सोबत नेमलेला माणूस, जो रक्कम त्यांच्यासाठी घेईल. तुझाही काढ. तू गेलीस तर दादाचे ८,००० कुठून येणार?

आता भेटी. दोन्ही मुलं एकाकडे असतात तेव्हा भेटीचा अर्थ आई किंवा बाप भेटणं. तुमच्यात भावंडांनी एकमेकांना भेटणं हे त्याहून मोठं आहे, आणि ते बहुतेक मसुद्यांत सापडत नाही. भाऊबीज पुण्याला तर राखीपौर्णिमा नागपूरला, पुढच्या वर्षी उलट. दिवाळीची सुट्टी निम्मी इकडे, निम्मी तिकडे, पण दोघं एकत्र. मे महिना तसाच. राज्य मंडळाच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आपल्यापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा तारखा शाळेच्या पत्रकावरून ठरवा, कॅलेंडरवरच्या ठोक तारखेवरून नको. आणि प्रवासाचा खर्च कोणाचा? हा खर्च तुमच्यासारख्यांच्याच नशिबी असतो. दिवाळीत पुणे-नागपूर ट्रॅव्हल्सचे दर काय होतात ते तुला सांगायला नको, रेल्वेचं आरक्षण वेळेवर करावं लागतं, आणि छोटी एकटी जाऊ शकत नाही म्हणजे मोठ्या माणसाचं तिकीट वर. तोही खर्च २:१ वाटा, तिकीट काढणारा कोण तेही लिहा. नाहीतर पैसे नाहीत या कारणावरून भावंडांची भेट पहिली रद्द होते.

मे महिन्यात दोन्ही मुलं तुझ्याकडे आली म्हणून त्या महिन्याचे ८,००० कापू नकोस. तिकडचं भाडं थांबत नाही, क्लासची फी थांबत नाही. वाचतो तो महिनाभराचा भात आणि दूध.

पैसा आणि भेट यांची गाठ मात्र कधी मारायची नाही. त्याने दोन महिने पैसे थकवले म्हणून छोटीला राखीला पाठवायचं नाही, असं करू नकोस. आणि तू एकदा भेट पुढे ढकललीस म्हणून त्याने पैसे रोखायचे नाहीत. दोन्हींसाठी कोर्टाचे वेगळे रस्ते आहेत. पैसे थकले तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, जे आधी १२५ होतं. हे सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. तिथे एक मुदत लक्षात ठेवायची: थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. वाट बघत बसलेल्या बायकांचे महिनेच्या महिने या एका कारणाने बुडतात. तिथल्या वसुलीत एका महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा रस्ता वेगळा आहे, त्यात पगार जप्त करता येतो. एरवीच्या देण्यापेक्षा निर्वाहाच्या देण्यासाठी पगाराचा जास्त भाग, दोन तृतीयांशापर्यंत, घेता येतो. यातलं काही करायची वेळ येऊ नये. पण आली तर पहिला महिना चुकल्यावर साधा संदेश, दुसऱ्याला लेखी पत्र, तिसऱ्याला वकील. भांडण नको, रडारड नको, घरच्यांना फोन नको. आणि वकिलाच्या फीची चिंता वाटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कागदांचं राहिलं. दोन घरं झाली की मुलाचा कागद नेहमी दुसऱ्या घरात असतो. छोटीला पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी लागेल, त्यासाठी वडिलांच्या बाजूची कागदपत्रं मागतात, म्हणजे त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचे जुने उतारे. बारावीनंतर प्रवेशाच्या गर्दीत ते मागायला नागपूरला फोन करत बसू नकोस. आत्ताच साक्षांकित प्रती घे, आणि "मागितल्यापासून पंधरा दिवसांत कागद द्यावेत" असं दोघांवर बंधनकारक करा. दादाच्या जन्मदाखल्याची मूळ प्रत तुझ्या कपाटात आहे, ती त्याला दे. पासपोर्टसाठी दोघांची संमती लागते, तीही कोणी अडवणार नाही असं लिहून घ्या. शाळेत दोघांचेही नंबर असू देत. आरोग्य विमा कोणाच्या कंपनीतून कोणत्या मुलाचा, त्याचं कार्ड दोन्ही घरांत.

शनिवारी येशील तेव्हा दोन याद्या घेऊन ये, छोटीची तू केलेली आणि दादाची त्याने केलेली. त्याची आली नसेल तर मी त्याला फोन करते, माझं अजून ऐकतो तो. आणि मसुद्यात वकिलांनी कुठे "परस्पर समजुतीने ठरेल" असं लिहिलं असेल, तर तिथे लाल खूण करून आण.